नसती उठाठेव करणारी माणसं

काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांसोबत ॲन फ्रँकची डायरी वाचत होते. ॲमस्टरडॅममधली प्रिन्सेनग्राख्ट २६३ ही इमारत, पुस्तकांच्या कपाटामागे दडलेला दरवाजा, आत आधी सात आणि मग आठ माणसं. जुलै १९४२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ती तिथं लपून राहिली. मुलं गंभीर होऊन ऐकत होती. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या घरचा भाजीचा गाळा होता. तिनं विचारलं, “बाई, आठ माणसांची भाजी रोज कोण आणायचं? आणि भाजीवाल्याला कळायचं नाही का? आमच्याकडे कुणी एकदम जास्त भाजी घेतली तर आई लगेच विचारते, घरी काय कार्य आहे म्हणून.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डायरी कितीदा तरी वाचली होती, पण माझं सगळं लक्ष कपाटाच्या आतल्या बाजूला होतं. बाहेरून आत पिशव्या घेऊन येणारी माणसं मी वाचली होती, पण पाहिली नव्हती.

घरी जाऊन शोधलं. भाजी आणायची मीप गीस. ती ऑटो फ्रँक यांच्या कचेरीत कामाला होती. तिचा नवरा यान रेशनची कुपनं मिळवायचा. दूध आणि पाव वर पोचवण्याचं काम बेप व्होस्कुइल या तरुण टंकलेखिकेकडे होतं. योहानेस क्लाइमन यांचा एक बेकरीवाला मित्र पाव द्यायचा, आणि व्हिक्टर कुग्लर धंदा चालू ठेवून पैशांचं बघायचे. आणि भाजीवाला? जवळच्याच लेलीग्राख्टवर हेंड्रिक व्हान हूव्ह यांचं दुकान होतं. ही बाई दोघांच्या संसाराला एवढी भाजी का नेते, असं त्यांनी मीपला कधी विचारलं नाही. पिशवी भरून द्यायचे. मे १९४४ मध्ये त्यांना अटक झाली, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात दोन ज्यू लपलेले होते. फ्रँक कुटुंबाला भाजी पुरवणारा माणूस स्वतःही तेच करत होता.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. ती मुलगी म्हणाली, “म्हणजे त्याला माहीत होतं, पण तो बोलला नाही.” त्या दिवसापासून हे पुस्तक लिहायचं माझ्या डोक्यात होतं.

मराठी वाचकाला नाझी राजवटीचा इतिहास अनोळखी नाही. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथानं आपल्याकडच्या कितीतरी घरांत हिटलर, त्याचे साथीदार, त्याची युद्धं आणि त्याचा शेवट पोचवला. ॲनच्या डायरीनं मरणाऱ्यांचा चेहरा दाखवला. साठ लाख ज्यू मारले गेले आणि त्यांत सुमारे पंधरा लाख मुलं होती, हे आकडे आपल्याला ठाऊक असतात. मारणारे कळले, मेलेलेही कळले. पण या दोघांच्या मध्ये कोट्यवधी माणसं होती. शेजारी, दुकानदार, शिक्षक, डॉक्टर, ट्राम चालवणारे, पोलीस, नोंदणी कार्यालयातले कारकून. त्यांतल्या बहुतेकांनी मारलं नाही आणि वाचवलंही नाही. ती आपापलं काम करत राहिली. फार थोड्यांनी दार उघडलं. हे पुस्तक त्या थोड्यांविषयी आहे, आणि त्यांच्याविषयी बोलताना त्या बहुतेकांविषयीही बोलावंच लागतं.

ज्यू म्हणजे कोण, हे आपल्या मुलांना सांगायला फार लांब जावं लागत नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्रायली पिढ्यानपिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्यांची घरची भाषा मराठी. आपल्याकडे जे शेजारी होते, त्यांच्याच धर्मबांधवांना युरोपात शेजाऱ्यांच्या यादीतून एकेक पायरीनं काढून टाकलं गेलं. आधी नोकरी गेली, मग शाळा, मग बाकावर बसायचा हक्क, मग घर. माणसांना मारण्याआधी त्यांना ‘आपले’ या शब्दातून बाहेर काढावं लागतं. वाचवणाऱ्यांचं पहिलं काम दार उघडण्याच्याही आधी झालेलं होतं. त्यांच्या मनात ती माणसं ‘आपली’च राहिली होती.

आपल्या भाषेत एक फार वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे, नसती उठाठेव. मूल रस्त्यावरच्या भांडणात पडलं, वर्गात कुणाची बाजू घेऊन बोललं, तर आपण म्हणतो, तुला काय करायची होती नसती उठाठेव? आपण बरं, आपलं काम बरं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ही वाक्यं आपण मायेनं बोलतो, मुलाला काही होऊ नये म्हणून बोलतो. युरोपातल्या आयाही त्या काळात आपल्या मुलांना त्यांच्या भाषेत हेच सांगत असणार, आणि त्यांच्याकडे आपल्यापेक्षा मोठं कारण होतं. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये १५ ऑक्टोबर १९४१ च्या हुकुमानं ज्यूंना आसरा देणाऱ्याला देहदंड ठरवला होता. मार्कोवा या गावात युझेफ आणि विक्टोरिया उल्मा यांनी आठ ज्यूंना घरात ठेवलं होतं. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी त्या आठ जणांना, युझेफला, गरोदर विक्टोरियाला आणि त्यांच्या सहा मुलांना गोळ्या घातल्या.

म्हणून ज्यांनी दार उघडलं नाही, त्यांना आरामखुर्चीत बसून नावं ठेवण्यासाठी हे पुस्तक नाही. माझ्या मुलांचा जीव पणाला लागला असता तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही. पण ज्यांनी उघडलं त्यांच्याकडे असं काय होतं, हा प्रश्न विचारायला हवा. ते जन्मजात देणं असेल तर शिकवण्यासारखं काही उरत नाही. ते कुठून तरी आलेलं असेल, तर ते कुठून आलं हे शोधता येतं.

हा शोध ज्यांनी आयुष्यभर घेतला, त्यांत सॅम्युएल ऑलिनर यांचं नाव मोठं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधल्या बोबोव्हा इथल्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, त्यांना नेऊन मारण्यात आलं, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. घरचे सगळे गेले. हा मुलगा वाट फुटेल तिकडे निघाला आणि ओळखीच्या बाल्विना पिएचुख या शेतकरी बाईच्या दारात पोचला. तिनं त्याला आत घेतलं, नवं नाव दिलं, कॅथलिक प्रार्थना पाठ करून घेतल्या आणि शेतगडी म्हणून दुसऱ्या गावात काम मिळेल अशी सोय केली. पुढे ऑलिनर अमेरिकेत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. पत्नी पर्ल यांच्यासह त्यांनी सुमारे सातशे माणसांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास केला. त्यांत चारशेहून अधिक वाचवणारे होते, शिवाय वाचलेले होते आणि त्याच काळात त्याच प्रदेशांत राहून मदत न केलेलेही होते. १९८८ साली तो अभ्यास पुस्तकरूपानं आला.

त्यात जे दिसलं ते शिक्षकांनी आणि पालकांनी नीट वाचावं असं आहे. वाचवणारे श्रीमंतही होते आणि गरीबही. धार्मिक होते, नास्तिकही होते. शिकलेले होते, अंगठेबहाद्दरही होते. पण त्यांच्या लहानपणाविषयी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. त्यांच्या घरांत मार कमी होता आणि समजावून सांगणं जास्त होतं. चूक झाली की त्याचा दुसऱ्याला काय त्रास झाला, हे मुलाला सांगितलं जायचं. परक्या माणसाविषयी आईबाप कसं बोलतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुमारे दोन-तृतीयांश वाचवणाऱ्यांनी पहिली मदत केली ती कुणीतरी येऊन विचारल्यावर. ती माणसं शोधत फिरली नव्हती. कुणीतरी दारात उभं राहिलं, किंवा ओळखीच्या कुणी निरोप पाठवला, आणि त्यांनी हो म्हटलं.

मीप गीसचंही तसंच झालं. ऑटो फ्रँक यांनी तिला आपला बेत सांगितला आणि आमची जबाबदारी घ्याल का असं विचारलं. ती लगेच हो म्हणाली. त्या होकारामागे एक जुनी गोष्ट होती. मीप मूळची व्हिएन्नाची. पहिल्या महायुद्धानंतर तिथं उपासमार होती. १९२० मध्ये अशक्त मुलांना तात्पुरतं हॉलंडला पाठवलं गेलं, त्यांत ही अकरा वर्षांची मुलगी होती. आधीच पोरंबाळं असलेल्या एका साध्या डच कुटुंबानं तिला वाढवलं. ज्या घरात खाणारी तोंडं आधीच पुष्कळ होती, त्या घरानं आणखी एक पान वाढलं, आणि ते पान आपलं होतं, हे ती विसरली नव्हती. आपल्याला ‘थोर’ म्हणू नका, असं ती पुढे शंभर वर्षांची होईपर्यंत सांगत राहिली. थोर माणसंच असं करू शकतात हे एकदा पटलं, की बाकीचे सगळे सुटले, ही तिची काळजी होती. माझीही काळजी तीच आहे.

या पुस्तकातलं एक मोठं प्रकरण फ्रान्समधल्या ल शाँबों-सूर-लिन्यों या गावाचं आहे. डोंगरातलं, कडक हिवाळ्याचं, प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचं गाव. १६८५ नंतर फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचा छळ झाला, तेव्हा याच डोंगरांत त्यांचे पूर्वज लपले होते आणि ती आठवण घराघरांत जिवंत होती. युद्धाच्या काळात या गावानं आणि आसपासच्या पठारानं काही हजार माणसांना, मुख्यतः ज्यूंना, आसरा दिला. गावाचे पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांची पत्नी मागदा यांची नावं आज जगभर घेतली जातात. पण मला मुलांना सांगावीशी वाटते ती पहिल्या रात्रीची गोष्ट.

१९४० च्या अखेरचा हिवाळा. पाद्र्यांच्या घराचं दार वाजलं. बाहेर बर्फात कुडकुडत एक जर्मन ज्यू बाई उभी. मागदानं तिला आत घेतलं, खायला दिलं आणि तिचे भिजलेले बूट चुलीपाशी वाळायला ठेवले. मग ती तिच्या कागदपत्रांची सोय करायला गावच्या नगराध्यक्षाकडे गेली. ओळखीचा माणूस, नक्की मदत करील, असं तिला वाटलं होतं. त्यानं साफ नकार दिला आणि बाईला गावाबाहेर काढा असं बजावलं. मागदा परत आली तर घरात जळका वास. बूट जळून गेले होते. त्या टंचाईच्या दिवसांत बुटांचा एक जोड मिळवणं म्हणजे मोठं काम. तो मिळवून त्या बाईला दुसऱ्या ठिकाणी पाठवावं लागलं.

म्हणजे इतिहासात ज्या गावाचं नाव राहिलं, त्या गावातली सुरुवातच फसलेली होती. मागदा त्यातून शिकली. पुन्हा कधी ती कुठल्या अधिकाऱ्याकडे परवानगी मागायला गेली नाही. पुढच्या वेळी दार वाजलं तेव्हा काय करायचं, कुणाच्या शेतघरात पाठवायचं, खोटी ओळखपत्रं कोण बनवील, रेशनचं काय, हे हळूहळू ठरत गेलं. पोरांची वसतिगृहं निघाली, शेतकऱ्यांनी मुलं वाटून घेतली. धैर्याचाही सराव लागतो आणि त्यात चुकाही होतात. मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, असा माझा अनुभव आहे. पहिल्याच फटक्यात सगळं जमायला हवं, असं नाही.

आणि याच गावात विद्यार्थ्यांनी जे केलं ते तर आपल्या मुलांनी वाचायलाच हवं. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडलं. त्यांत हजारो मुलं होती. त्यानंतर १० ऑगस्टला जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख जॉर्ज लामिरां शाँबोंला आले. मोठा समारंभ व्हावा अशी सरकारची अपेक्षा होती. प्रार्थना झाल्यावर गावच्या शाळेतली काही मोठी मुलं पुढे आली आणि त्यांनी पाहुण्यांच्या हातात एक पत्र दिलं. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हाला कळलं आहे, आमच्यात ज्यू मित्र आहेत, आम्ही ज्यू आणि इतर असा भेद करत नाही, त्यांना न्यायचा हुकूम आला तर ते तो पाळणार नाहीत आणि आम्ही त्यांना लपवू, असा त्या पत्राचा आशय होता. सतरा-अठरा वर्षांची पोरं सरकारच्या प्रतिनिधीसमोर हे बोलत होती. काही आठवड्यांनी पोलीस बस घेऊन आले. गावात आणि रानात शोधाशोध झाली. बस जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या.

याची किंमतही दिली गेली. आंद्रे यांचे नातलग दानिएल त्रोक्मे तिथल्या एका वसतिगृहाचं काम बघत होते. जून १९४३ मध्ये धाड पडली तेव्हा पळून जाणं शक्य असूनही ते आपल्या विद्यार्थ्यांबरोबर राहिले. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

दुसरी गोष्ट पोलंडची राजधानी वॉर्साची. १९४० च्या नोव्हेंबरात तिथं भिंत घालून चार लाखांहून अधिक ज्यूंना कोंडलं गेलं. शहराच्या समाजकल्याण खात्यात काम करणारी इरेना सेंडलर तिशीची होती. तिचे वडील डॉक्टर होते. टायफसच्या साथीत इतर डॉक्टर टाळत अशा गरीब, बहुतांशी ज्यू रोग्यांवर ते उपचार करायचे, आणि १९१७ मध्ये त्याच आजारानं गेले. घेट्टोतल्या टायफसची जर्मनांना धास्ती होती. म्हणून साथनियंत्रणाचा पास घेऊन इरेना आणि तिच्या सहकारी बायका आत जायच्या. आत जाताना औषधं, अन्न, पैसे. बाहेर येताना मुलं. रुग्णवाहिकेतून, पोत्यांतून, न्यायालयाच्या इमारतीतून, कारण त्या इमारतीचं एक दार घेट्टोत आणि दुसरं शहरात उघडायचं.

एक मुलगी सहा महिन्यांची होती. तिला गुंगीचं औषध देऊन लाकडी खोक्यात ठेवलं आणि विटांच्या गाडीतून बाहेर काढलं. खोक्यात तिच्या आईबापांनी चांदीचा चमचा ठेवला होता. त्यावर लाडकं नाव कोरलं होतं, ‘एल्झुनिया’, आणि जन्मतारीख, ५ जानेवारी १९४२. एका सुईणीनं तिला आपली म्हणून वाढवलं. आई काही काळ घेट्टोतून फोन करायची. बोलायचं काही नसे. फोन बाळाच्या तोंडाशी धरायचा आणि आईनं पलीकडे त्याचे हुंकार ऐकायचे. मग ते फोन थांबले. एल्झ्बिएता फिकोव्हस्का या नावानं ती मुलगी पुढे पोलंडमध्ये ओळखली गेली. तो चमचा तिच्यापाशी राहिला.

मी ही गोष्ट सांगते तेव्हा वर्गात शांतता पसरते. मग मी मुलांना विचारते, या गोष्टीत धैर्यवान कोण कोण आहे? पहिलं उत्तर अर्थातच इरेना. मग हळूहळू यादी वाढते. गाडीवाला. सुईण. शेजारी ज्यांना अचानक आलेलं बाळ दिसलं आणि जे गप्प राहिले. आणि कुणीतरी मुलगा म्हणतो, आई. मूल सुखरूप राहील याची खात्री द्याल का, असं आया इरेनाला विचारायच्या. फाटकाबाहेर तरी सुखरूप पोचेल का, याचीही खात्री ती देऊ शकत नव्हती. तरी त्यांनी मुलं तिच्या हातात दिली. वाचवणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना वाचलेल्यांना नुसतं बिचारं करून ठेवणं हा अन्याय आहे. ज्यूंनीही ज्यूंना वाचवलं. फ्रान्समध्ये मारिआन कोन ही विशीतली ज्यू तरुणी मुलांना सीमेपार स्वित्झर्लंडला नेताना १९४४ मध्ये पकडली गेली. सुटकेची संधी आली ती तिनं घेतली नाही, आपल्यामागे मुलांना भोगावं लागेल म्हणून. तिला मारलं. मुलं वाचली.

इरेना १९४२ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘झेगोता’ या गुप्त संघटनेच्या बालविभागाची प्रमुख झाली. या सगळ्या जाळ्यानं वाचवलेल्या मुलांचा आकडा साधारणपणे २,५०० सांगितला जातो. तो एकट्या बाईचा आकडा नाही, हे ती स्वतःच सांगत असे. मठातल्या जोगिणी, अनाथाश्रमांतल्या दाया, कागद तयार करणारे, घराघरांत पोचवणाऱ्या तिच्या मैत्रिणी, असे कितीतरी हात त्यात होते. मुलांची खरी आणि नवी नावं पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून तिनं ती बाटलीत घालून झाडाखाली पुरली होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोनं तिला पकडलं. पाविआक तुरुंगात अमानुष छळ झाला. ती बोलली नाही. लाच देऊन तिला सोडवलं गेलं. जीव वाचवायला खोटं नाव लागत होतं आणि युद्ध संपल्यावर खरं नाव परत द्यायचं होतं. त्या कागदाच्या पट्ट्या त्यासाठी होत्या.

तरुण वाचकांना आपल्या वयाची माणसं हवी असतात. त्यांच्यासाठी पोलंडमधल्या प्शेमिशल शहरातली स्तेफानिया पोदगुर्स्का आहे. वय सोळा-सतरा, पदरात सहा-सात वर्षांची बहीण हेलेना, आईबाप जवळ नाहीत. या दोघींनी माळ्यावर खोट्या भिंतीमागे तेरा माणसं ठेवली. स्तेफानिया कारखान्यात काम करायची आणि स्वेटर विणून विकायची, तेरा जणांच्या पोटाला पुरवायला. शेवटच्या महिन्यांत जर्मन परिचारिकांना राहायला त्याच घरातली खोली दिली गेली. खाली परिचारिका, वर तेरा माणसं. जुलै १९४४ मध्ये सुटका झाली तेव्हा तेराही जिवंत होते.

या गोष्टी शिकवून काय होतं, असं कुणी विचारील. त्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, युनियनटाउन नावाच्या छोट्या गावात मिळतं. १९९९ साली तिथल्या शाळेत नॉर्मन कोनार्ड या शिक्षकांनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी मुलींना एका साप्ताहिकातलं जुनं कात्रण दिलं. त्यात इरेना सेंडलरचं नाव आणि २,५०० मुलं असा उल्लेख होता. आकडा चुकीचा छापला असेल, अडीचशे असतील, कारण हे नाव कुणी ऐकलेलंच नाही, असं सगळ्यांना वाटलं. ‘याद वाशेम’ या जेरुसलेमच्या संस्थेनं तिला १९६५ मध्येच गौरवलं होतं, पण जग विसरलं होतं. मुलींनी पत्रव्यवहार केला, शोधाशोध केली आणि एक छोटं नाटक लिहिलं. इरेना कुठं पुरली आहे हे शोधता शोधता कळलं की ती वॉर्सात जिवंत आहे. २००१ मध्ये त्या मुली तिला भेटल्या. पुढे त्या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले आणि विसरलेलं नाव जगाच्या तोंडी आलं.

मला या घटनेत शिक्षकांचं काम फार आवडतं. त्यांनी भाषण केलं नाही. कात्रण दिलं आणि शोधा म्हणाले. नैतिक धैर्यावर निबंध लिहायला लावून धैर्य येत नाही. पण एखाद्या माणसानं नेमकं काय केलं, कुठल्या दिवशी, कुणाच्या मदतीनं, हे शोधायला लावलं, की मूल त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतं.

म्हणून शिक्षक आणि पालक यांना तीन विनंत्या. पहिली, प्रमाण सांभाळा. ‘याद वाशेम’नं १९६३ पासून पुरावे तपासत, ज्यूंना निःस्वार्थपणे आणि धोका पत्करून वाचवणाऱ्या, स्वतः ज्यू नसलेल्या माणसांचा गौरव केला आहे. त्यांची संख्या आज अठ्ठावीस हजारांच्या पुढे आहे. नोंद न झालेले त्याहून बरेच असतील. तरी कोट्यवधींच्या युरोपात हे अपवादच. १९४३ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कच्या कोळ्यांनी, डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी मिळून सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण त्याच युद्धात नेदरलँड्समधल्या ज्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मारले गेले, हेही त्याच तासाला सांगा. वाचवणाऱ्यांच्या गोष्टी साठ लाख मृत्यूंवर घातलेलं पांघरूण होता कामा नयेत.

दुसरी विनंती, मुलांकडून या प्रसंगांची नक्कल करून घेऊ नका. तू ज्यू हो, तू शिपाई हो, असा खेळ मांडू नका. ते दुःख अंगावर चढवून बघण्याचं नाही. त्याऐवजी प्रश्न विचारा. पहिल्यांदा कुणी विचारलं? पहिल्या दिवशी नेमकं काय केलं? आणखी कुणाकुणाला माहीत होतं? कुठं चुकलं? प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मी हेच चार प्रश्न ठेवले आहेत.

तिसरी विनंती मोठ्यांनी स्वतःला करायची आहे. वर्गात एखाद्याला जातीवरून, रंगावरून, तोतरेपणावरून चिडवलं जातं तेव्हा एखादं मूल मध्ये पडतं आणि मार खाऊन घरी येतं. त्या संध्याकाळी आपण त्याला काय म्हणतो? मी हे त्या संहाराच्या तोलाचं म्हणत नाही, तसं म्हणणं चूक ठरेल. पण ऑलिनरांना सापडलेली घरं मला आठवतात. तिथं मुलांनी परक्यासाठी बोललेला शब्द ऐकला होता आणि कुणी मध्ये पडलं तर त्याला गप्प बसवलं जात नव्हतं. उठाठेव नसती की असती, हे त्या संध्याकाळच्या आपल्या वाक्यावर ठरतं.

मला हे आधी कळायला हवं होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलांना मी त्यांच्या काळजीपोटी, तू मध्ये पडू नकोस, असं सांगितलं आहे. आता सांगत नाही. आता विचारते, तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? नसेल कुणी, तर उद्या कुणाला सोबत घेशील? या पुस्तकातली सगळी माणसं वाचून माझ्यात झालेला बदल एवढाच आहे.

४ ऑगस्ट १९४४ रोजी प्रिन्सेनग्राख्टच्या कपाटामागे लपलेल्या आठही जणांना पकडून नेलं. पुढच्या दिवसांत मीप पोलिसांच्या कचेरीत जाऊन लाच देऊन त्यांना सोडवता येईल का हे बघून आली. ते जमलं नाही. जमिनीवर विखुरलेले ॲनचे कागद तिनं आधीच गोळा करून टेबलाच्या खणात ठेवले होते. ती मुलीची खासगी वही आहे, म्हणून ती तिनं वाचली नाही. वाचली असती तर कदाचित जाळून टाकावी लागली असती, कारण त्यात मदत करणाऱ्यांची नावं होती. आठांपैकी एकटे ऑटो परत आले. ॲन गेल्याची बातमी आल्यावर मीपनं खण उघडला आणि कागद त्यांच्या हातात दिले.

भाजीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता कॉलेजात आहे. पुस्तकाचा कच्चा मजकूर तिला वाचायला दिला होता. तिनं पहिल्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहून पाठवलं, “व्हान हूव्ह परत आले का?” आले. छावण्यांतून जिवंत परत आले. तिच्या सांगण्यावरून ते वाक्य मी त्या प्रकरणात घातलं आहे.